गर्भारपणात रक्त गोठण्यातील बदल आणि बाळंतिणीचा सवा महिना

डभोईतील आपल्या मराठी घरांत आजही लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात आणि सवा महिना विश्रांती घेतात. या काळात त्यांच्या रक्तात काय बदल होतात, हे घरातील थोरांना ठाऊक असावे म्हणून ही माहिती देत आहोत.

दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहते. वार सुटल्यावर हा प्रवाह ताबडतोब थांबावा लागतो. गर्भाशय आवळले जाते आणि रक्त गोठते, म्हणून माता वाचते. शरीर याची तयारी आधीपासून करते. फायब्रिनोजेन हे प्रथिन एरवी डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. शेवटच्या तिमाहीत ते साधारण ४०० ते ६०० होते. रक्त गोठवणारे इतर काही घटकही वाढतात. गोठणे आवरणारे ‘प्रोटीन एस’ मात्र घटते. डी-डायमरचा आकडाही वाढतो. तो पाहून घाबरू नये, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.

याची दुसरी बाजू अशी, की नको तेथेही गुठळी होऊ शकते. गर्भाशयाच्या दाबाने पायांतील रक्त सावकाश वर चढते, त्यामुळे गुठळी बहुधा डाव्या पायात होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. असे क्वचितच घडते. पण हा धोका बाळंतपणानंतर लगेच संपत नाही. पहिले सहा आठवडे, म्हणजे साधारण आपला सवा महिना, तो सर्वांत जास्त असतो. सिझेरियन, स्थूलपणा किंवा पूर्वी गुठळी झालेली असल्यास अधिक जपावे.

म्हणून विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. डॉक्टरांनी परवानगी देताच बाळंतिणीला घरात चालू-फिरू द्यावे. तिला पाणी कमी देण्याची जुनी समजूत सोडावी. लांबच्या प्रवासात मध्ये उतरून पाय मोकळे करावेत. रक्त पातळ करणारी गोळी मनाने देऊ नये आणि डॉक्टरांनी सुरू केलेले हेपारिनचे इंजेक्शन मनाने बंद करू नये. हेपारिन वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा रक्तस्राव थांबेना, तर शेकशेगडीत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.