अब्बांची पद्मिनी

कवीच्या दारात पद्मिनी उभी असावी, यात नवल नाही. मलिक मुहम्मद जायसी यांनी 1540 मध्ये अवधीत ‘पद्मावत’ रचले. त्यातल्या राणीचे नाव पुढे एका मोटारीला मिळाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून इटलीची फियाट ‘डिलाइट’ नावाने निघू लागली आणि 1970च्या दशकात तिची ‘पद्मिनी’ झाली.

अब्बांनी घेतली ती जुनीच, 1985ची. उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात ती हमखास तापायची. बोनेट उघडून, पाण्याची बाटली हातात धरून अब्बा शांत उभे राहायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडू नये, हा माझा पहिला धडा.

अब्बांच्या माघारी मी रेडिएटर नवा बसवला, विजेवरचा पंखा जोडला, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले. आता ती घाट दमाने चढते. स्टिअरिंगलगतच्या गिअरला मात्र मी हात लावू दिला नाही. त्या दांड्यावर अब्बांचा हात असे.

30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईतली पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करता येते, म्हणून आमची टिकली. पण आवाजावरून दोष ओळखणारे आमचे वस्ताद आता थकलेत. सुटे भाग भंगारात सापडतील. तो कान कुठे सापडणार? म्हणून दर रविवारी मी लेकीला घेऊन त्यांच्याकडे जातो.