खोक्यातला सिनेमा

नुकतीच आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने नातवाने जुने फोटो संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक सरकतील अशी सोय करून दिली. फोटो क्रमाने होते, पण प्रत्येक नवा फोटो डावीकडून यायचा आणि उजवीकडे निघून जायचा. सौ. म्हणाली, "आपण मागे मागे चाललोय असं वाटतंय." नातू हसला. त्याने 'राइट' हा एक शब्द खोडून 'लेफ्ट' लिहिला, आणि झालं काम!

मला मात्र त्या एका शब्दाने १९८४ सालात नेऊन सोडलं.

तेव्हा मी कोकणातल्या एका शाळेत चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवत होतो. मुलांकडून खोक्यातला सिनेमा करून घ्यायचो. बुटाच्या खोक्याला खिडकी कापायची, दोन्ही बाजूंना उभ्या काड्या खोवायच्या, चित्रांची लांब पट्टी उजव्या काडीला गुंडाळायची आणि डाव्या काडीने ओढून घ्यायची. पुरंदरचा तह १६६५, आग्र्याहून सुटका १६६६, राज्याभिषेक १६७४.

एका मुलाची पट्टी ओढली, तर आधी राज्याभिषेक, मग सुटका आणि शेवटी तह! वर्ग खो खो हसला. "इतिहासच उलटा केलास की रे," म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. तो गप्प राहिला. रोज पहाटे मशिदीत अरबी वाचायला बसून मग तो शाळेत येतो, हे मला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टींचा मेळ काही मी घातला नाही.

मेळ अगदी साधा आहे. आपण ज्या बाजूने वाचायला सुरुवात करतो, त्याच बाजूला पट्टी सरकावी लागते. मराठी डावीकडून वाचतात, म्हणून पहिलं अक्षर आधी दिसायचं तर पट्टी डावीकडे सरकायला हवी. उर्दू वाहिन्यांवर बातम्यांची पट्टी उजवीकडे धावते, ती याच कारणाने.

ही गोष्ट संगणकाच्या फार आधीची आहे. बाराव्या शतकात चीनमध्ये चांग त्से-त्वान याने नदीकाठच्या गजबजलेल्या शहराचं पाच मीटरहून लांब चित्र काढलं. असली चित्रं डाव्या हाताने उलगडायची आणि उजव्या हाताने गुंडाळत जायची. जुनं चिनी लिखाण उजवीकडून सुरू होई, म्हणून चित्रही उजवीकडून. युरोपात अकराव्या शतकात १०६६ च्या इंग्लंडवरील स्वारीची गोष्ट सुमारे ७० मीटर कापडावर भरली गेली. बायूचं भरतकाम म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यावरची अक्षरं लॅटिन, त्यामुळे गोष्ट डावीकडून उजवीकडे जाते. बंगालचे पटुआ गाणं म्हणत वरून खाली पट उलगडतात. तिथे डाव्या-उजव्याचा वादच मिटला! आमच्या पिंगुळीच्या चित्रकथींनी सुट्या चित्रांची पोथी केली. एकेक चित्र दाखवायचं आणि कथा सांगायची.

मग १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने 'मार्की' नावाची सरकती पट्टी आणली. तिला डावी, उजवी, वर आणि खाली अशा चार दिशा होत्या. काहीच सांगितलं नाही, तर ती आपली डावीकडे जायची. म्हणजे न सांगता जे गृहीत धरलं, ते डावीकडून वाचणाऱ्यांच्या सोयीचं. पुढे २०११ साली अ‍ॅपलने मॅकवर एक बदल केला. बोटं वर नेली की पानही वर जाईल. आधी ते उलट होतं. नव्या दिशेला त्यांनी नाव दिलं 'नैसर्गिक', आणि कित्येकांना तीच अगदी अनैसर्गिक वाटली! आपली सवय ती नैसर्गिक, दुसऱ्याची ती उलटी. जगात हे असंच चालत आलंय.

आता त्या मुलाच्या पट्टीकडे वळू. तिच्यात चूक नव्हतीच. पट्टी डाव्या काडीला गुंडाळून उजव्या काडीने ओढली असती, तर तह, सुटका, राज्याभिषेक सगळं क्रमाने आलं असतं. नातवाने केला तेवढाच एक बदल. खोकं माझ्या हातात होतं, पण मी दिशा बदलली नाही. बदलायला लावलं त्या पोराला.

त्याने घरी जाऊन सगळी चित्रं पाण्याने भिजवून सोडवली आणि पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी आणलेली पट्टी सुरकुतलेली होती, राज्याभिषेकाचा रंगही ओघळला होता. पण क्रम 'बरोबर' होता. मी त्याला शाबासकी दिली.

आज तो पन्नाशीत असेल. ती शाबासकी त्याला कशी लागली असेल, हे माझ्या मनात यायला चाळीस वर्षं जावी लागली.