एल्मिना: किल्ल्याच्या आधीचं गाव

घानातल्या केप कोस्टहून एल्मिना जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. जायला ट्रो-ट्रो मिळते. ट्रो-ट्रो म्हणजे आपली वडापच! सीटा भरल्याशिवाय हलणार नाही, दारातला पोऱ्या गावाचं नाव घेऊन ओरडणार, आणि मागच्यांचे पैसे हातोहात पुढे जाणार. प्रोजेक्टसाठी अक्रात होतो, वीकेंड मोकळा होता, म्हणून निघालो. डाव्या हाताला समुद्र आणि नारळाची झाडं. कोकणात आल्यासारखंच वाटतं.

उतरलात की आधी वास येतो मासळीचा. बेन्या नावाच्या खाडीवर पूल आहे आणि खाली रंगीबेरंगी होड्यांची ही गर्दी, प्रत्येकीवर झेंडे आणि काहीबाही लिहिलेलं. मंगळवारी इथले लोक समुद्रात जात नाहीत, तो दिवस समुद्रदेवाचा. पुलापलीकडे पांढरा किल्ला. सगळे पर्यटक तिकडे पळतात, मीही गेलो.

तर मंडळी, थोडा इतिहास. १४७१ च्या सुमारास, म्हणजे गोवा घेण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी, पोर्तुगीज या किनाऱ्यावर पोचले. सोनं मिळालं म्हणून नाव पडलं मिना, म्हणजे खाण. पण गाव आधीपासूनच होतं. १४८२ साली दियोगो द आझाम्बुजा तासलेले दगड, गवंडी आणि सुतार जहाजांत भरूनच आला. प्रीफॅब बांधकाम म्हणा ना! याच ताफ्यात बार्तोलोमेउ दियाश होता. त्याने पुढे १४८८ मध्ये आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडलं आणि दहा वर्षांनी त्याच वाटेने वास्को द गामा कालिकतला आला.

इथल्या प्रमुखाचं नाव पोर्तुगीजांनी कारामान्सा असं लिहून ठेवलंय. त्याला किल्ला नको होता. मित्रांनी अधूनमधून भेटावं, कायमचं शेजारी राहायला आलं की भांडणं होतात, अशा अर्थाचं तो बोलला. फार शहाणा माणूस. शेवटी परवानगी दिली, पण गवंड्यांनी लोकांना पवित्र असलेला खडक फोडायला घेतला आणि मारामारी झाली. नजराणे देऊन प्रकरण मिटवलं. किल्ला झालाच.

पुढचं बरंचसं ठाऊक असेल. सोन्यामागून माणसांचा व्यापार आला. १६३७ मध्ये डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून किल्ला घेतला. (सगळी सिक्युरिटी समुद्राच्या बाजूला आणि टेकडी मोकळी! असो.) तळघरात गुलाम, वर गव्हर्नरची प्रशस्त खोली. बायकांना ठेवायचे त्या चौकावर त्याचा सज्जा आहे. तिथे उभं राहून खाली बघवत नाही. तळघरात हवेला जेमतेम एक झरोका, आणि शेवटी जहाजांकडे जाणारं एक अरुंद दार. गुलामांच्या बदल्यात जो माल यायचा त्यात गुजरातचं आणि कोरोमंडलचं कापडही असे, हे मला आधी माहीत नव्हतं.

पण मला जास्त लागलं ते किल्ल्याबाहेरचं मोकळं मैदान. तिथे काहीच नाही, म्हणून कुणी थांबत नाही. खरं म्हणजे जुनं एल्मिना तिथेच होतं, किल्ल्याच्या पश्चिमेला, खाडी आणि समुद्राच्या मधल्या पट्टीवर. दगडी घरं, अरुंद गल्ल्या, हजारोंची वस्ती. १८७२ मध्ये डचांनी किल्ला इंग्रजांना देऊन टाकला. गावकऱ्यांना विचारलं कुणी? त्यांचं आशांतींशी जुनं सख्य, आणि आशांती इंग्रजांचे शत्रू. हत्यारं खाली ठेवा म्हटलं, लोकांनी ठेवली नाहीत. जून १८७३ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून गाव जाळलं आणि सपाट केलं. ते तिथे पुन्हा वसलंच नाही, लोक खाडीच्या पलीकडे गेले. क्रिस्तोफर डीकोर्स या पुरातत्त्वज्ञाने पुढे या मैदानात उत्खनन केलं. जमिनीखाली घरांचे पाये आणि घरातच पुरलेली माणसं सापडली. या लोकांत मृतांना राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायची रीत होती.

किल्ला १९७९ पासून जागतिक वारसा आहे, त्याला तिकीट आहे, गाईड आहे. मैदानात त्या दिवशी पोरं फुटबॉल खेळत होती, आणि कडेला कुणीतरी जाळी वाळत घातली होती.