विद्युत्‌दाब : एककांचे रूपांतर

विद्युत्‌दाबाचे एसआय एकक व्होल्ट. मिलि (१/१०००), मायक्रो (१/१०,००,०००), किलो (१०००) आणि मेगा (१०,००,०००) हे उपसर्ग त्याच्या पटी दर्शवितात. लहान एककातून मोठ्या एककात जाताना भागाकार, उलट जाताना गुणाकार करावा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात यांतील अनेक टप्पे एकत्र दिसतात. एकतुनीच्या उपकेंद्रातील ७६५ किलोव्होल्ट म्हणजे ०.७६५ मेगाव्होल्ट किंवा ७,६५,००० व्होल्ट. वितरण रोहित्र ११ किलोव्होल्टचे ४३३ व्होल्ट करते. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत भट्टीचे तापमान मोजणाऱ्या के-प्रकारच्या थर्मोकपलचा दाब १००० अंश सेल्सिअसला ४१.२७६ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.०४१२७६ व्होल्ट असतो (संदर्भ टोक शून्य अंशाला).

सर्वच आकडे व्होल्टमध्ये लिहिले तर रूपांतराची कटकटच उरणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. सूत्रात किमती भरताना तो रास्त आहे. तेथे मूळ एककच निर्धोक. परंतु नोंदवहीत ०.०४१२७६ लिहिताना एक शून्य निसटले, तर वाचन दसपट होते आणि चूक सहज नजरेत येत नाही. उपसर्ग आकडा आटोपशीर ठेवतो. त्याचा धोका वेगळा आहे : रोमन चिन्हांत मिलिसाठी लहान, तर मेगासाठी मोठा ‘एम’ असतो. त्यांची गल्लत झाल्यास किंमत १ अब्ज पटींनी बदलते. मात्र एवढी तफावत जाणकाराला लगेच खटकते. म्हणून नोंदीसाठी उपसर्ग व आकडेमोडीसाठी व्होल्ट, ही विभागणीच श्रेयस्कर ठरते.