गर्भाची जीवनक्षमता

दिवस भरण्याआधी गर्भाशयाबाहेर आलेले मूल, वैद्यकीय मदतीने का होईना, जगू शकेल अशी गर्भाची अवस्था. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवड्यांत मोजतात. ३७ आठवड्यांपूर्वीचा जन्म अकाली आणि २८ पूर्वीचा अत्यंत अकाली मानला जातो. सुसज्ज नवजात अतिदक्षता विभागात जीवनक्षमतेची सीमा आज साधारण २२ ते २४ आठवड्यांपर्यंत खाली आली आहे. ही सीमा गर्भाच्या वाढीइतकीच जन्माच्या ठिकाणावर अवलंबून असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातील जानेफळ गावात ती मुंबई-पुण्याइतकी खाली नाही.

खरा अडसर फुफ्फुसांचा. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांना आतून सरफॅक्टंट या द्रव्याचा पातळ थर लागतो. तो २४ व्या आठवड्याच्या आसपास तयार होऊ लागतो आणि ३४-३५ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोहून अधिक वजनाचा जन्मला आणि फुफ्फुसांच्या याच अपुरेपणाने दोन दिवसांत दगावला. तेवढ्या दिवसांचे बाळ आज आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयातही बहुधा वाचते. हा बदल १९७२ पासूनचा. त्या वर्षी न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी दाखवून दिले, की प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुफ्फुसे लवकर पक्व होतात. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी बाहेरून सरफॅक्टंट देऊन बाळे वाचवली.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पुण्याचे आहे. २०२२ मध्ये तिथे २४ आठवड्यांची, ४०० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली आणि ९४ दिवसांनी २,१३० ग्रॅमची होऊन घरी गेली. अशी यशे खरी असली तरी विरळा. या वयाची अनेक बाळे दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींना दृष्टी, श्रवण वा मेंदूच्या वाढीचे प्रश्न उरतात. सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, हा जुना समज मात्र साफ चुकीचा आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

कायद्यातही जीवनक्षमतेची ही सीमा डोकावते. १९७१ च्या गर्भपात कायद्यातली २० आठवड्यांची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट स्त्रियांसाठी २४ वर नेली; त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने २६ आठवड्यांचा गर्भ पाडण्यास नकार दिला, तेव्हा गर्भ जगू शकतो हे डॉक्टरांचे मत विचारात आले होते.

जानेफळसारख्या गावात मोठ्या यंत्रांपेक्षा वेळ अधिक मोलाचा. केंद्र शासनाच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी द्यायची असतात, आणि पहिले तर पुढे पाठवण्यापूर्वी परिचारिकेनेच द्यायचे असते. औषध स्वस्त आहे. त्यानंतर आईला पोटातल्या बाळासह बुलढाणा किंवा अकोल्याला हलवणे हे जन्मलेले बाळ रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित; गर्भाशयाइतकी ऊब इन्क्युबेटरची कोणतीच पेटी देत नाही. वाटेतच जन्म झाला, तर बाळाला आंघोळ घालू नये. अंग कोरडे करून, डोक्याला टोपरे घालून, आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून धरावे आणि वरून लुगड्याने दोघांना गुंडाळावे. हीच ‘कांगारू’ पद्धत; ती १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूत महिलांना नवजातांची निगा शिकवली. या कामाच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

नववा महिना लागण्याआधी पोटात कळा आल्या, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि पहिले इंजेक्शन दिले का, हे निघण्यापूर्वी विचारावे.