शवासन, रक्तदाब आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

#थ्रेड

१/ रक्तदाबासारख्या दीर्घ आजारात श्वास, सवय आणि मनःस्थिती बदलून उपचार होऊ शकतो का? मानसशास्त्र आणि वैद्यक यांच्या सीमेवरील या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच पुणे जिल्ह्यात घडले: दौंडहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात.

२/ जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे आणि परमहंस माधवदासांकडे योगाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ स्थापन केले. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षीचे.

३/ योगाने काय साधते, हे सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. कुवलयानंदांचे वेगळेपण मोजण्याच्या आग्रहात होते. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले आणि या परिणामाला गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास व्हॅक्युम’ असे नाव दिले.

४/ १९२७ मध्ये कोल्हापूरच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती ढासळली. रक्तदाब वाढला होता. पुढे नंदी हिल्स येथील विश्रांतीच्या काळात आसनांविषयी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. पत्रांतून मिळणारे मार्गदर्शन आणि त्यावर रुग्णाने कळवलेला अनुभव, असे त्या उपचाराचे स्वरूप होते.

५/ १९३० च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहानन लोणावळ्यास आले. केरळचे बेहानन कुवलयानंदांकडे योग शिकले आणि परत गेल्यावर त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ त्यांचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. प्राणायामानंतर मन शांत होते, असे त्यांनी नोंदवले. परंतु त्यानंतर लगेच घेतलेल्या बेरजेसारख्या चाचण्यांत मनाचा वेग मंदावलेला आढळला, हेही त्यांनी लपवले नाही. गुरूंविषयीचा आदर आणि नकोसा आकडा, दोन्ही एकाच ग्रंथात नांदले.

७/ पुढील दुवा म्हणजे कैवल्यधामचे डॉ. स. ल. विनेकर. कुवलयानंद आणि विनेकर यांचे योगोपचारावरील इंग्रजी पुस्तक १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रकाशित केले. आश्रमातील प्रयोग आता रुग्णालयाच्या दारात येऊन पोहोचले होते.

८/ ते दार मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे होते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी आणि विनेकर यांच्यासह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. १९६९ मध्ये हा अभ्यास ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापून आला.

९/ कृती साधी होती. उताणे पडून संथ, पोटाने घेतलेला श्वास. आत येणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांशी अनुभवत राहणे. रोज अर्धा तास. रुग्ण तीन प्रकारचे होते: औषध न घेणारे, औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेले आणि औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले.

१०/ औषध न घेणाऱ्यांचा सरासरी रक्तदाब लक्षणीय उतरला. औषध घेणाऱ्या अनेकांची मात्रा कमी करता आली. मात्र सर्वांना गुण आला नाही, आणि लेखकांनी तसे स्पष्ट लिहिले. चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनागटही या अभ्यासात नव्हता. वारंवार तपासणी झाली आणि कोणी आस्थेने लक्ष दिले, तरी रक्तदाब थोडा उतरतोच. मग यातला शवासनाचा वाटा किती?

११/ केईएमच्याच मनोविकार विभागात डॉ. एन. एस. वाहिया यांना मनोविकारांच्या बाबतीत हाच प्रश्न पडला होता. पतंजलींच्या संकल्पनांवर बेतलेला उपचार त्यांनी एका गटाला दिला. दुसऱ्या गटाकडून वरवर तशाच दिसणाऱ्या, परंतु एकाग्रतेविना केलेल्या क्रिया करवून घेतल्या आणि दोहोंची तुलना केली.

१२/ रक्तदाबाबाबतचे उत्तर इंग्लंडमधून आले. क्रॉयडन येथील डॉ. चंद्रा पटेल यांनी योगाधारित शिथिलीकरणाला बायोफीडबॅकची जोड दिली. १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ३४ रुग्ण होते. उपचारगटाचा वरचा रक्तदाब सरासरी १६८ वरून १४१ वर आला; तुलनागटाचा १६९ वरून १६० वर. नऊ अंकांची ही दुसरी घट केवळ लक्ष दिल्याची मानली, तरी पहिलीतला बराच भाग उरतो. पुढे तुलनागटाला तेच प्रशिक्षण दिल्यावर त्यांचाही रक्तदाब उतरला.

१३/ त्याच वर्षी हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचे ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ जगभर गाजले. १९७७ मध्ये येल येथे भरलेल्या परिषदेत ‘बिहेवियरल मेडिसिन’ या ज्ञानशाखेची व्याख्या ठरली. बेहानन यांच्या ग्रंथानंतर ४० वर्षांनी, त्यांच्याच विद्यापीठात.

१४/ या इतिहासाचे दोन सोपे अवतार आपल्या फोनवर फिरत असतात. एक, ‘पाश्चात्त्यांनी आपले ज्ञान चोरले’. दुसरा, ‘योग करा, गोळ्या फेका’. पहिल्याला उत्तर असे की दाते आणि वाहिया यांनी आपले काम स्वतःच जगापुढे मांडले. ते वाचले गेले, तपासले गेले आणि पुढे नेले गेले.

१५/ दुसरा अवतार जिवावर बेतणारा आहे. दात्यांच्या रुग्णांच्या गोळ्या कमी झाल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तदाब मोजून. दौंड-शिरूरच्या गावांत गोळ्या परस्पर बंद करणाऱ्याच्या हाती शवासन असते, मोजमाप नसते. रक्तदाब बहुधा दुखत नाही. म्हणून तो वाढल्याचे कळायलाही उशीर होतो.

१६/ लोणावळ्याच्या परंपरेचा खरा वारसा सांगायचा, तर आसनाइतकेच महत्त्व दाबमापकालाही द्यावे लागेल. आपल्या घरातील कोणी लोणावळ्यात किंवा मुंबईत मरीन ड्राइव्हवरील कैवल्यधामच्या केंद्रात उपचार घेतले असतील, तर ती आठवण खाली जरूर लिहावी. त्या काळाचा रुग्णांच्या बाजूचा इतिहास अजून लिहायचा आहे.