कंगोरेदार कात्रीचं कूळ

स्टेशनरीच्या दुकानात झिगझॅग कात्री आता मुलांच्या हस्तकलेच्या सामानात लटकलेली असते. रंगीत प्लॅस्टिकची मूठ, आत दातेरी किंवा नागमोडी पाती. भेटकार्डाची कड, अल्बममधल्या फोटोची चौकट, मखराची पट्टी असली कामं तिच्याकडे. कागदाच्या संसारात ती छान रुळली आहे, पण तिचं माहेर कापडात. आणि तिथे ती शोभेसाठी आलेली नव्हती, दशा निघू नयेत म्हणून आली होती.

कापड सरळ कापलं की कडेचा धागा मोकळा होतो. तो ओढला की या टोकापासून त्या टोकापर्यंत निघत जातो. तीच कड दातेरी कापली तर काप धाग्यांना तिरका जातो, आणि सुटणारा धागा एका दाताच्या रुंदीएवढाच उरतो. पुढे निघायला त्याला लांबीच नसते. दशा पूर्ण थांबत नाहीत, पण आवरतात. आपल्याकडे इंटरलॉक घरोघर पोचण्याआधी ब्लाउजच्या आतल्या शिवणीला शिंपी हीच कात्री मारून देत. कापडाच्या दुकानातले नमुन्याचे तुकडे अजूनही दातेरी कडांचे असतात, तेही याच कारणानं.

कात्रीच्या आधी ठसा होता. अठराव्या शतकातल्या युरोपात श्रीमंत बायकांच्या रेशमी झग्यांवर झालरींची चळत असे. प्रत्येक झालरीची कड दुमडून शिवायची म्हटलं तर काम अफाट, आणि वर रेशमाची सळसळ जाऊन ते जाड होणार. म्हणून कड दुमडायचीच नाही, ठशानं पाडायची. लोखंडी दांडा, त्याच्या तळाला कंगोऱ्याच्या आकाराची धार. रेशमाची पट्टी शिशाच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायची, ठसा टेकवायचा, वरून मोगरीचा एक घाव. मग ठसा पुढे सरकवायचा आणि पुन्हा घाव. इंग्लंडात हा स्वतंत्र धंदा होता. गिऱ्हाइकांत झगेवाल्या होत्या तसे अंत्यविधीचं सामान पुरवणारेही होते, कारण कफनाच्या नि शवपेटीतल्या अस्तराच्या कडाही अशाच पाडत.

घाव घालणं कुणालाही जमेल. खरी कसोटी ठसा सरकवण्यात. मागचा कंगोरा जिथे संपला, नेमका तिथेच पुढचा सुरू व्हायला हवा. जरा आधी टेकला तर एक कंगोरा अरुंद होतो, जरा पुढे टेकला तर मध्ये सपाट तुकडा राहतो. झालर अंगावर आली की नजर पहिल्यांदा तिथेच जाते. पुढच्या अडीचशे वर्षांत या कामाची जी जी हत्यारं निघाली, ती सगळी हा एक सांधा लपवण्यासाठी निघाली असं माझं मत आहे. धार तर पहिल्या ठशालाही होतीच.

एकोणिसाव्या शतकात टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं छोटं यंत्र आलं. दातेरी चाक, त्याखाली रूळ, बाजूला फिरवायचा दांडा. चाकावरची नक्षी गोल फिरून स्वतःलाच मिळत असल्यामुळे सांधा उरला नाही. पण चाकाला लांब सरळ पट्टी हवी. कापलेल्या बाहीचा घेर त्यात घालणं म्हणजे कसरत.

१८९३ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉटकम गावच्या लुईस ऑस्टिन या बाईंना दातेरी कात्रीचं पेटंट मिळालं. ऐकायला सोपं वाटतं, पण साध्या कात्रीची पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू पुढे सरकत जातो. दातेरी पात्यांत प्रत्येक दात समोरच्या खाचेत अचूक उतरायला लागतो. स्क्रू किंचित सैल झाला की दात दातावर आपटतो आणि कापड कापण्याऐवजी चावलं जातं. पुढे १९३०च्या दशकात सॅम्युअल ब्रिस्कमन यांच्या पेटंटानंतर ही कात्री अमेरिकेतल्या शिवणाच्या टोपल्यांत स्थिरावली. सांधा मात्र परत आला. कात्री पुढे सरकवताना शेवटचे दात आधीच्या खाचांत बसवावेच लागतात.

आता कागद. कागदाला धागा नाही, त्यामुळे दशांची भीती नाही. कापडात जी गरज होती ती कागदात निव्वळ हौस झाली. पण कागदाच्या कडेचा एक वेगळा वंश आधीपासून चालू होता. लंडनच्या डॉब्ज कंपनीत काम करणाऱ्या जोसेफ ॲडनब्रुकला १८३४ साली एक युक्ती सापडली. साच्यावर दाबून उठाव आणलेल्या कागदाचा वर आलेला भाग कानशीनं घासला की तिथे भोकं पडतात आणि कागदाची लेस तयार होते. सगळी कड एकाच साच्यातून निघत असल्यामुळे जोडकामाचा प्रश्नच नाही. ही लेस शुभेच्छापत्रांवर चढली आणि समुद्र ओलांडून गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या एस्थर हाउलंड यांनी तिच्या जोरावर १८४०च्या दशकाअखेरीस व्हॅलेंटाइन कार्डांचा धंदा उभा केला. एक मुलगी लेस कापणार, दुसरी चित्र चिकटवणार, अशी कामाची वाटणी त्यांच्या घरातच चाले.

कापडाची कात्री आणि कागदाची हौस यांची गाठ पडली ती युटा राज्यात. तिथल्या मॉर्मन समाजात वंशावळी आणि घराण्याच्या नोंदी ठेवणं हे धर्मकार्य मानतात. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत नोंदींविषयीची जागतिक परिषद भरली, तेव्हा मॅरिएलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या आठवणींच्या पन्नास वह्या तिथे मांडल्या. लोक विचारत सुटले, हा कागद कुठे मिळतो, ही पाकिटं कुठे मिळतात? पुढच्याच वर्षी त्यांच्या घरच्यांनी स्पॅनिश फोर्क गावी दुकान काढलं. सजवलेल्या अल्बमचा हा नाद तिथून पसरला आणि त्याचा बाजार झाला.

बाजार म्हटल्यावर हत्यारं आलीच. फिनलंडमधली फिस्कार्स ही मुळात लोखंडाची भट्टी, स्थापना १६४९ची. तिनं १९६७ साली प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री काढली. मुठीचा नारिंगी रंग योगायोगानं आला. फळांचा रस काढायच्या भांड्यांसाठी वापरलेलं नारिंगी प्लॅस्टिक यंत्रात उरलं होतं, पहिला नमुना त्यातच ओतला गेला. नंतर कंपनीत मतदान झालं आणि काळ्याविरुद्ध नारिंगी नऊ विरुद्ध सात मतांनी जिंकला. याच कंपनीनं १९९०च्या दशकात खास कागदाच्या कडांसाठी लाटा, कंगोरे, फाटल्यासारखी कड अशा तऱ्हतऱ्हेच्या पात्यांच्या कात्र्या आणल्या. त्यापाठोपाठ कडेचे पंच आले. पंचाच्या दोन्ही अंगांना त्याच नक्षीची खूण छापलेली असते. कापलेली नक्षी त्या खुणेवर जुळवायची आणि दाबायचं. अठराव्या शतकातला कारागीर जे नजरेनं करायचा, ते आता हत्याराच्या अंगावरच छापून आलं.

कात्रीनं काम करणाऱ्यानं पाती टोकापर्यंत मिटू नयेत. मिटली की टोकाशी नक्षी तुटते. थोडं अलीकडे थांबायचं, पाती उघडून शेवटचे दोन-तीन दात कापलेल्या खाचांत बसवायचे आणि मगच पुढे जायचं. मागच्या बाजूला पेन्सिलची रेघ हवी. वळणावर कागद फिरवावा, कात्री नव्हे. पतंगी कागद पात्यांत अडकतो, तो साध्या दोन कागदांच्या मध्ये धरून कापला की निमूट कापला जातो.

आपल्या पताका कापणाऱ्यांना यातलं काहीच लागलं नाही. पट्टीच्या घड्यांवर घड्या घालायच्या, एकदाच कातरायचं आणि उलगडायचं. सगळे कंगोरे एका कापातून निघालेले, म्हणून सगळे सारखे. युटातल्याच एका कंपनीनं आणलेलं क्रिकट हे संगणकावर चालणारं यंत्रही याहून जास्त एकसारखं कापत नाही, फक्त जास्त नाजूक कापतं. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या आराशीत पुठ्ठ्या-कागदाची मखरं पुन्हा दिसू लागली. त्यांच्या कडांना घडीचा काप पुष्कळदा पुरतो. पुठ्ठा जाड असेल तर मात्र कात्री किंवा पंच काढावाच लागतो.

कात्री काढाल तेव्हा एक करा. घरात शिवणाची झिगझॅग कात्री असेल तर ती कागदाला लावू नका. कागदानं तिची धार बोथट होते, आणि एवढ्या दातांना पुन्हा धार लावून देणारा माणूस सहजी मिळत नाही. कागदाची कात्री वेगळी घ्या आणि मुठीवर तसं लिहून ठेवा.